कच्च्या प्रतीचे परीक्षक

परभणीस कृषिविद्यापीठ स्थापन झालें तें १९७२ सालच्या मे महिन्यांत. तेव्हांपासून या जिल्ह्यांतील साध्या शेतकऱ्यासहि एक गोष्ट ठाऊक झालेली आहे, ती ही कीं, नवें बियाणें एकदम बाजारांत येत नसतें. प्रथम तें संशोधकाच्या स्वतःच्या वाफ्यांत पेरलें जातें. तेथें तगलें तर निरनिराळ्या केंद्रांवर त्याची परीक्षा होते. आणि मग कांहीं निवडक शेतकऱ्यांच्या रानांत, त्यांच्याच पाण्यावर आणि त्यांच्याच अडचणींसह, तें पेरून पाहतात. वाफ्यांतील रोपास पाणी वेळेवर मिळतें, खत मोजून मिळतें आणि तण डोकें वर काढण्यापूर्वींच उपटलें जातें. शेतकऱ्याच्या रानांत पाऊस उशिरा येतो, खुरपणी लांबते, आणि शेजाऱ्याच्या पिकावरील रोग बांध ओलांडून येतो. बियाण्याचा खरा स्वभाव कळतो तो येथें.

संगणकाच्या जगांत हीच रीत निराळ्या नांवानें चालते. पडदा, कळफलक आणि स्मरण यांस एकमेकांची ओळख करून देऊन सर्व यंत्राचा संसार चालविणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. ती रचणारे लोक प्रथम आपल्या चार भिंतींच्या आंत तिची परीक्षा घेतात. ती ‘आल्फा’ परीक्षा. त्यानंतर तिची अपुरी प्रत बाहेरच्या लोकांच्या हातीं देतात, ती ‘बीटा’. ग्रीक वर्णमालेंतील दुसऱ्या अक्षराचें नांव मिरविणारी ही प्रत म्हणजे यंत्रविद्येंतील ‘शेतकऱ्याच्या रानांतील पेरणी’ होय. छापखान्यांतील उपमा द्यावयाची तर तीं कच्चीं मुद्रितें होत. फरक इतकाच कीं, छापखाना आपलीं मुद्रितें एकट्या लेखकाकडे पाठवितो, आणि येथें तीं सहस्रावधि अनोळखी माणसांकडे जातात.

या परीक्षकांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. पक्की प्रत बाहेर पडते, तिचा समारंभ होतो, रचनाकारांचीं नांवें सर्वतोमुखीं होतात. परंतु ज्यांनीं रात्री जागून तिच्यांतील खडे वेंचले, त्यांची आठवण राहत नाहीं. मराठी भाषेच्या दृष्टीनें तर हा इतिहास विशेष महत्त्वाचा आहे. कारण आज खेड्यांतील मुलगाहि हातांतील फोनवर शुद्ध मराठी अक्षरें उमटवितो, तें सुख बऱ्याच अंशीं या अनामिक परीक्षकांच्या चिकाटीचें फळ आहे.

संगणकांत देवनागरी कशी आली, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १९८६ सालीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें भारतीय लिपींसाठीं ‘इन्स्क्रिप्ट’ नांवाचा कळफलक ठरविला; त्यांत स्वर डाव्या हाताखालीं आणि व्यंजनें उजव्या हाताखालीं अशी शास्त्रशुद्ध वांटणी होती. १९८८ सालीं पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली आणि कानपूरच्या तंत्रविद्यालयांत आरंभ झालेलें ‘जिस्ट’ हें भारतीय लिपींचें तंत्र तेथें वाढीस लागलें. १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें ‘इस्की’ ही संकेतपद्धति मान्य केली, आणि त्याच वर्षीं जगांतील सर्व लिपींस एका सूत्रांत ओंवणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ति निघाली, तिच्यांत देवनागरीस मिळालेली मांडणी इस्कीच्याच पूर्वरूपावर आधारलेली होती.

कागदावर हें सारें सुरेख होतें. व्यवहारांत मात्र प्रत्येक व्यापाऱ्यानें आपापलें अक्षरवळण काढलें आणि त्याचा संकेतहि आपापलाच ठेविला. परिणाम असा झाला कीं, एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला कीं त्याचें निरर्थक रोमन चिन्हांचें कडबोळें होई. परभणीस टंकलेखनाच्या दुकानांत तयार केलेला अर्ज मुंबईच्या कचेरींत उघडत नसे. आणि उघडला तरी वाचतां येत नसे. आपल्या पूर्वजांनीं मोडींत लिहिलेलें दप्तर आपणांस वाचतां येत नाहीं, याची खंत आपण करीत असतों. येथें तर काल लिहिलेलें आज वाचतां येईना.

ही अडचण दूर होण्यास कार्यप्रणालीच्याच पोटांत देवनागरीस जागा मिळणें अवश्य होतें. मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज २०००’ ही कार्यप्रणाली १७ फेब्रुवारी २००० रोजीं बाजारांत आली. तिच्यांत हिंदी, मराठी, कोंकणी आणि संस्कृत या भाषांसाठीं देवनागरीची सोय प्रथमच मुळापासून होती. तिची तिसरी बीटा प्रत १९९९ च्या एप्रिलांत परीक्षकांच्या हातीं पडली होती. तिच्यासाठीं ‘मंगल’ हें अक्षरवळण रेखाटलें तें प्रा. र. कृ. जोशी यांनीं. हे सुलेखनकार. बोरूच्या वळणाची त्यांस जन्मभर ओढ होती. बोरूनें अक्षर काढणाऱ्याच्या हातून यंत्रांतील पहिलीं सर्वत्र पोंचलेलीं देवनागरी अक्षरें उतरावीं, हा योग मोठा सुंदर होय.

तथापि सोय असणें निराळें आणि ती हातीं येणें निराळें. त्यानंतरच्या ‘विंडोज एक्सपी’ या २००१ सालच्या प्रणालींत देवनागरी होती, पण ती निजलेली होती. प्रादेशिक भाषांच्या खिडकींत जाऊन एका चौकोनांत खूण करावयाची, मूळ तबकडी पुन्हा यंत्रांत घालावयाची आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करावयाचें, एवढे सोपस्कार केल्यावर ती जागी होई. ज्याच्याजवळ तबकडी नसे त्याच्या पडद्यावर मराठीऐवजीं रिकाम्या चौकटींची ओळ दिसे. २००७ च्या आरंभीं आलेल्या ‘व्हिस्टा’ प्रणालीपासून हा खटाटोप उरला नाहीं.

याच सुमारास दुसराहि एक प्रवाह वाहत होता. फिनलंडमधील लिनस तोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आपल्या छोट्या कार्यप्रणालीची अपुरी प्रत सर्वांस खुली केली आणि लोकांनीं ती वापरून पाहावी, तिच्यांत काय हवें तें सांगावें, अशी विनंति केली. ‘लिनक्स’चा पहिला पक्का अंक १९९४ च्या मार्चांत निघाला, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षें ती उघड्यावर, परीक्षकांच्या सहवासांत वाढली. या खुल्या प्रणालीस भारतीय भाषांचें वळण लावण्यासाठीं मुंबईंत वेंकटेश हरिहरन्, प्रकाश अडवाणी प्रभृतींनीं ‘इंडलिनक्स’ हा उपक्रम काढला. पुण्यास ‘रेड हॅट’ कंपनीच्या कार्यालयांतून ‘लोहित’ हीं मुक्त अक्षरवळणें निघालीं. आणि सी-डॅकनें २००७ च्या जानेवारींत ‘बॉस’ नांवाची भारतीय लिनक्स-प्रणाली प्रसिद्ध केली.

या दुसऱ्या प्रवाहाशीं प्रस्तुत लेखकाचा अल्पसा संबंध आला, तो येथें सांगितल्यास आत्मश्लाघा होणार नाहीं अशी आशा आहे. २००५ च्या सुमारास एका इंग्रजी मासिकाबरोबर आलेली तबकडी आमच्या हातीं पडली. तींत एका मुक्त प्रणालीची चाचणी-प्रत होती आणि तिला मराठी येते असें वेष्टनावर छापलें होतें. आमचे एक शिक्षक मित्र आणि आम्हीं मिळून परभणीस एका जुन्या यंत्रावर ती चढविण्याचा घाट घातला. भारनियमनाचे ते दिवस. अर्धी प्रणाली चढली आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशीं पुन्हां आरंभ, पुन्हां काळोख. तिसऱ्या रात्रीं यंत्र मराठींत बोलूं लागलें, तेव्हां झालेला आनंद आजहि आठवतो.

मित्र म्हणाले, “कांहीं तरी लिहून पाहा.” कृषिविद्यापीठाच्या गांवीं पहिला शब्द कोणता सुचणार? आम्हीं लिहिलें, ‘शेतकऱ्यांच्या’. आणि पडद्यावर जें उमटलें तें पाहून दोघेहि स्तब्ध झालों. साधा ‘र’ घेऊन लिहावें तर त्याचा रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसे, नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन लिहावें तर तो पाय मोडलेल्या स्थितींत ‘य’पासून अलग उभा राही. एवढ्या मोठ्या यंत्रास सर्व कांहीं येत होतें. एक शेतकरी तेवढा येत नव्हता.

मराठी वाचकास यांतील मर्म सांगावयास नको. ‘आचार्यास बोलवा’ आणि ‘आचाऱ्यास बोलवा’ या दोन आज्ञांत विद्वान् कोण येतो आणि स्वयंपाकी कोण येतो, याचा निर्णय त्या लहानशा अर्ध्या र-कारावर असतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोलगट जागा. हिंदींत हा भेद लिहून दाखविण्याची गरज पडत नाहीं. त्यामुळें दिल्लीच्या अथवा कानपूरच्या परीक्षकानें ती प्रत महिनाभर वापरली असती तरी त्यास हा दोष दिसला नसता. मुक्त प्रणालींच्या रीतीवर १९९७ सालीं निबंध लिहिणाऱ्या एरिक रेमंड यांचा असा सिद्धांत आहे कीं, पाहणारे पुष्कळ असले म्हणजे कोणताहि दोष फार काळ खोल राहूं शकत नाहीं. सिद्धांत खरा आहे. पण त्यास एक पुरवणी जोडली पाहिजे. डोळे पुष्कळ असून भागत नाहीं; ज्या भाषेचा दोष असेल ती भाषा वाचणारे डोळे त्यांत असावे लागतात.

आम्हीं नेट-कॅफेंत जाऊन त्या प्रणालीच्या रचनाकारांस मोडक्यातोडक्या इंग्रजींत पत्र लिहिलें कीं, ‘आपली मराठी चुकीची आहे.’ चार दिवसांनीं उत्तर आलें. तें उद्धट नव्हतें, पण त्यानें आम्हांस चांगलाच धडा दिला. कोणती प्रत, कोणतें अक्षरवळण, कोणत्या कळा कोणत्या क्रमानें दाबल्या, काय दिसावें अशी अपेक्षा होती आणि प्रत्यक्ष काय दिसलें, एवढे पांच प्रश्न त्यांनीं विचारले होते. ‘चुकीचें आहे’ असें म्हणणें ही तक्रार झाली. चूक कोठें, कशी आणि प्रत्येक वेळीं घडते कीं नाहीं, हें सांगणें ही साक्ष झाली. न्यायालयांत काय किंवा यंत्रशाळेंत काय, निकाल साक्षीवर होतो. आमच्या मित्रांनीं वर्गांतील मुलांस शुद्धलेखन घालावें त्याप्रमाणें शब्दांची यादी केली: शेतकऱ्यांच्या, दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड, आणि त्यांच्या जोडीस सूर्य, पूर्णा, आचार्य. पूर्णा हें आमच्या जिल्ह्यांतील रेल्वेचें जंक्शन. तेथें रफार योग्य ठिकाणीं बसतो, हें दाखविणेंहि अवश्य होतें. कांहीं महिन्यांनीं निघालेल्या पुढच्या प्रतींत तो दोष नव्हता. ती दुरुस्ती आमच्याच पत्रानें झाली असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पुण्यामुंबईच्या किती लोकांनीं तेंच लिहिलें असेल कोण जाणे. पण त्या रात्रीं ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द पडद्यावर सरळ उमटला, तेव्हां आमचे मित्र बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

युनिकोडच्या इतिहासांतहि या अर्ध्या र-काराची एक गांठ राहून गेलेली आहे. दुसऱ्या आवृत्तींत तो साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन लिहावयाचा होता, पुढें नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन लिहिण्याची रीत मुख्य ठरली, आणि जुनें लेखन फुकट जाऊं नये म्हणून पहिलीहि ग्राह्य राहिली. डोळ्यांस दोन्हीं रूपें सारखींच दिसतात, परंतु यंत्राच्या लेखीं ते दोन निरनिराळे शब्द आहेत. म्हणून साध्या शोधांत एका रीतीनें लिहिलेला ‘शेतकऱ्यां’चा शब्द दुसऱ्या रीतीनें लिहिणाऱ्यास न सांपडण्याचा संभव राहतो. तसेंच ‘ॲ’ या अक्षराचें. वकिलाच्या नांवामागील ‘ॲड.’ लिहितांना ‘अ’वर चंद्र ठेवूं गेलें कीं कित्येक यंत्रें मध्यें ठिपक्यांचें एक वर्तुळ काढून आपली नापसंती दर्शवीत. या अक्षरास युनिकोडमध्यें स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ सालीं. मराठीस रोज लागणारें अक्षर जागतिक यादींत येण्यास सतरा वर्षें लागलीं, याचें कारण शत्रुत्व नव्हे. विचारणाऱ्यांच्या रांगेंत आपण मागें उभे होतों, एवढेंच.

परीक्षकाच्या शब्दास वजन मिळालें म्हणजे काय होतें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण ॲपल कंपनीच्या इतिहासांत आहे. १३ सप्टेंबर २००० रोजीं तिनें आपल्या नव्या प्रणालीची जाहीर बीटा प्रत विक्रीस काढली, किंमत २९.९५ डॉलर. अपुरी वस्तु, तीहि विकत, आणि पुढच्या वर्षींच्या मे महिन्यांत आपोआप बंद पडणारी. तरीहि हजारों लोकांनीं ती घेतली. त्या प्रतींत कंपनीच्या सफरचंदाचें चिन्ह पडद्याच्या माथ्यावर मध्यभागीं केवळ शोभेसाठीं बसविलें होतें. जुन्या वापरकर्त्यांस त्या चिन्हाखालीं यादी उघडण्याची वर्षानुवर्षांची संवय. त्यांनीं एकच गिल्ला केला; आणि २४ मार्च २००१ रोजीं पक्की प्रत आली तेव्हां तें चिन्ह डावीकडे, आपल्या पूर्वीच्या जागीं, आपल्या यादीसह परत बसलें होतें.

आणि शब्द ऐकला न गेल्यास काय होतें, तेंहि पाहण्यासारखें आहे. मायक्रोसॉफ्टनें २०१४ पासून ‘इन्सायडर’ नांवानें परीक्षकांची कायमची फौज उभी केली. लाखों लोक तिच्यांत आपण होऊन दाखल झाले. २ ऑक्टोबर २०१८ रोजीं ‘विंडोज १०’ची एक मोठी सुधारणा प्रसिद्ध झाली आणि थोड्याच दिवसांत ती थांबवावी लागली, कारण ज्यांनीं आपल्या कागदपत्रांची जागा दुसरीकडे हलविली होती अशा कांहीं लोकांचे मूळ जागीं राहिलेले कागद तिनें पुसून टाकले. असे लोक अल्प होते. दहा हजारांत एक, असें कंपनीनें सांगितलें. परंतु शोचनीय गोष्ट अशी कीं, परीक्षकांपैकीं कांहींनीं हा धोका आधींच लिहून कळविला होता. ज्या तक्रारीस पुष्कळांचा दुजोरा मिळे ती वर तरंगे; यांची तक्रार थोड्यांची म्हणून तळाशीं गेली. पुढें कंपनीनें तक्रारीबरोबर तिची तीव्रता नोंदविण्याची सोय केली आणि १३ नोव्हेंबरास ती सुधारणा नव्यानें काढली. बहुमतानें राज्य चालवावें हें ठीक; पण विहिरींत विष पडलें आहे असें एकटाच मनुष्य सांगत असला तरी मतें मोजीत बसूं नये.

येथें एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. कोणी म्हणेल कीं, हे परीक्षक म्हणजे बिनपगारी वेठबिगार. नफा कंपनीचा, जागरण यांचें. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. पूर्वीं जें काम पगारी माणसें करीत त्यांतील कांहीं आतां वापरणाऱ्यांवर ढकललें जातें, हें उघड आहे. शेतकऱ्याच्या रानांत नवें बियाणें पेरावयाचें तर तें एका तुकड्यावर पेरतात, सगळें रान त्याच्या स्वाधीन करीत नाहींत. त्याचप्रमाणें शहाणा परीक्षक कच्ची प्रत दुय्यम यंत्रावर चढवितो आणि आपले कागद अगोदर दुसरीकडे जपून ठेवितो. हें ज्यास कोणीं सांगितलें नाहीं त्याच्या हातीं कच्ची प्रत देणें हा अन्यायच होय. पण लहान भाषांच्या बाबतींत प्रश्नास दुसरीहि बाजू आहे. ज्या भाषेपासून व्यापाऱ्यास फारसा लाभ नाहीं, तिच्यासाठीं पगारी परीक्षक तो ठेवीलच अशी खात्री नसते. तेथें भाषा बोलणाऱ्यानें स्वतः पुढें होऊन साक्ष दिली नाहीं, तर ती चूक पक्क्या प्रतींत जाते. आणि पक्क्या प्रतींतील चूक लोक कालांतरानें शुद्ध समजूं लागतात.

परभणीच्या माणसास तर हें विशेष कळावें. निजामी राजवटींत येथील सरकारदरबारची भाषा उर्दू होती. शेतकऱ्याच्या जमिनीविषयींचा हुकूम त्यास दुसऱ्यानें वाचून दाखवावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती स्थिति पालटली. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. १९६४ सालीं राजभाषेचा कायदा झाला. कागद मराठींत आला, आणि लगेच तो कागदच यंत्रांत जाऊं लागला! म्हणून २०१७ सालीं संगणकांत उतरवून घेतलेले सातबारे गांवोगांव चावडीवर वाचून दाखवून खातेदारांकडून चुका काढून घेण्याची जी मोहीम महाराष्ट्रांत झाली, ती आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. त्या शेतकऱ्यांस बीटा हा शब्द माहीत नव्हता. पण “माझ्या आज्याचें नांव असें नाहीं” म्हणून उभा राहणारा म्हातारा हा त्या कच्च्या प्रतीचा अव्वल परीक्षकच होता. त्याच्याजवळ यंत्राचें ज्ञान नव्हतें. आपलें नांव कसें लिहावें याचें ज्ञान होतें, आणि त्या वेळीं तेंच अवश्य होतें.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हां आम्हांसहि सर्वांप्रमाणें आनंद झाला. पण दर्जा वरून मिळतो; शुद्ध अक्षर खालून, एकेक साक्ष गोळा होऊन मिळतें. आमचे ते शिक्षक मित्र आतां सेवानिवृत्त झाले आहेत. परवां त्यांच्या नातवानें फोनवर कसलासा अर्ज भरतांना ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द सहज लिहिला आणि तो पुढें गेला. आजोबांनीं मात्र चष्मा पुसून तो शब्द पुन्हां एकदां वाचला.